ऊन पडलंय म्हणून निघू नका: मे महिन्यातल्या बर्फावर ठाणेकरांच्या चुका

ठाण्यात ट्रेकची तयारी म्हणजे रविवारी पहाटे येऊर, फार तर खारघरची टेकडी, आणि मग मेच्या सुट्टीत थेट हिमाचल. पाय तयार होतात, दमही वाढतो. डोकं मात्र सह्याद्रीचंच राहतं आणि तेच ओल्या बर्फावर नडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऊन पडलं की वाट सुरक्षित मानणं. आपण घाबरतो पावसाला. पावसाळ्यात मुंब्र्याकडे दरड का येते हे ठाणेकराला सांगायला नको: पाणी मुरतं, पकड सुटते. बर्फाचंही तेच, फक्त तिथे पाण्यासाठी पाऊसच लागतो असं नाही (पडला तर आणखी वाईट). उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी झिरपत खालच्या कडक थरावर किंवा खडकावर येतं आणि अख्खा उतार सुटून हिमस्खलन व्हायच्या बेतात येतो. रात्री निरभ्र आकाशाखाली तोच बर्फ गोठून दगडासारखा होतो. म्हणून तिथला दिवस पहाटे तीन-चारला सुरू करून उन्हं चढायच्या आत उतार मागे टाकायचा असतो. ‘पोहे झाले की निघू’ तिथे चालत नाही.

आणि रात्री ढग असतील तर पहाटे निघूनही उपयोग नाही, कारण बर्फ नीट गोठलेलाच नसतो. एकदा आम्ही साडेनऊला तंबूबाहेर पडलो. रात्रभर आभाळ भरलेलं, बाहेर राहिलेल्या बाटलीत सकाळीही पाणीच. बूट आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुतायला लागले. डावीकडच्या उतारावरून बर्फाचे गोळे सुटत होते; लिंबाएवढा निघालेला गोळा खाली येईस्तोवर नारळाएवढा, मागे चाकोरी. आम्ही फोटो काढत बसलो. वाटाड्या थांबला आणि म्हणाला, “वापस.” पास, म्हणजे ओलांडायची खिंड, समोर दिसत होता, पैसे भरलेले होते, म्हणून आम्ही त्याच्याशी हुज्जत घातली. तासाभरानं तो उतार खाली आला. धुरळा नाही, काही नाही; ओल्या काँक्रीटसारखा संथ, पण वाटेतलं काही न सोडणारा. त्या हुज्जतीची अजून लाज वाटते.

दुसरी खोड नाळेची, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीची. आपल्याकडे वर जायचं तर नाळ शोधायची, उन्हात घळीत सावलीला बसायचं. बर्फात वरचं सगळं त्याच नाळेतून खाली येतं. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वात धोक्याचे. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असेल तर डबा तिथे उघडू नये.

हे फक्त ट्रेकर्सपुरतं नाही. ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ घडली.

उशीर झालाच आणि मध्ये असा उतार आला, तर अलीकडच्या खडकाळ धारेवर थांबा, पुन्हा गोठेपर्यंत. रात्र उघड्यावर काढावी लागली तरी चालेल. ओलांडणं टळणारच नसेल तर एकेकाने, अंतर ठेवून, मध्ये न थांबता जा. बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. कुणी गाडलं गेलं तर शेवटचा कुठे दिसला ती जागा धरून लगेच शोधा, मदत आणायला सगळे पळू नका. दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते, आणि ओला बर्फ थांबल्या थांबल्या घट्ट बसतो. हातांनी उकरणं जमत नाही, फावडं लागतं. आम्ही नऊ जण होतो, फावडं एकही नव्हतं.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून जेवणाचा मेन्यू सगळेच विचारतात. पासच्या दिवशी किती वाजता निघता आणि रात्री गोठलं नाही तर काय करता, हेही विचारा. ‘नाश्ता करून आरामात’ असं उत्तर आलं, तर दुसरा ग्रुप बघा.