मुक्काम वाईत: आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांची सहल कशी आखावी

बहुतेक कुटुंबं वाई गाडीच्या खिडकीतून बघतात. महाबळेश्वरला जाता जाता ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि लगेच पसरणी घाट चढायला लागायचं. त्यापेक्षा मुक्कामच वाईत ठेवा, दोन रात्रींचा. पाचगणी इथून १२-१३ किलोमीटर आहे, ती एका सकाळीत होते. महाबळेश्वर या वेळी सोडून द्या, नाहीतर तिसरी रात्र वाढवा.

आधी तारीख

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. त्यातही बुकिंगआधी पंचांग उघडून बघा. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची जत्रा असते, त्या दिवसांत वाईतून जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायच्या उंच लाकडी गाड्याची यात्रा. ते बघायचं असेल तर गाडी लांब लावून उन्हात चालायची तयारी हवी, नसेल तर तो दिवस टाळा. संकष्टीला गणपतीला रांग ठरलेली, अंगारकी असेल तर विचारूच नका. कृष्णाबाईचा, म्हणजे वाईतून वाहणाऱ्या कृष्णा नदीचा, उत्सव मात्र मुद्दाम साधावा. हिवाळ्यात नदीच्या एकेका घाटावर आळीपाळीने तो होतो. नेमक्या तारखा गावात फोन करून विचारा.

जुलै-ऑगस्टमध्ये परिसर हिरवागार असतो, पण धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात. लहान मुलं बरोबर असताना ती जोखीम नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी दगड इतका तापतो की देवळाच्या आवारात अनवाणी पाय ठेववत नाही.

मग रस्ता आणि खोली

पुण्याहून सुमारे ९० किलोमीटर. महामार्ग सोडायचा तो सुरूर फाट्याला. शनिवारी निघत असाल तर सकाळी ६च्या आत निघा. उशीर झाला की खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे सरकत बसावं लागतं. सांगली-कराडकडून येणाऱ्यांनी सातारा ओलांडून पाचवड फाट्याला वळावं. गाडी नसली तरी अडत नाही, साताऱ्याहून वाई ३५ किलोमीटर आहे आणि एसटी मिळते.

खोली ठरवताना चार गोष्टी फोनवरच विचारून घ्या: तळमजला आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, आणि टेम्पो ट्रॅव्हलर आत वळते का. जाहिरातीत ‘नदीकाठी’ लिहिलेलं असलं तरी ‘गणपती घाट चालत किती मिनिटं?’ हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर रिक्षाचा खर्च धरून चाला.

घाट: सकाळी किंवा संध्याकाळी

दिवसाची आखणी नदीवरून करा. घाट सकाळी ९च्या आत किंवा ऊन कलल्यावर, दुपारी जेवण आणि झोप. पहिली संध्याकाळ गणपती घाटाला द्या. इथलं ढोल्या गणपतीचं मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती बघून बाहेर आलात की मंदिराला वळसा घालून मागची भिंत बघा, ती बहुतेकांची राहून जाते. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी त्या धारेवर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, थेट भिंतीवर आदळू नये, हा हेतू. मुलांना हे जागेवर दाखवलं की चटकन कळतं. शेजारीच काशीविश्वेश्वराचं मंदिर आणि त्याचा नंदी आहे.

पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय घसरतो तो तिथेच. आजी-आजोबांना वरच्या पायऱ्यांवर बसवा, तिथूनही सगळं दिसतं. कधी कधी एखादा घाट चित्रीकरणासाठी अडवलेला असतो. अशा वेळी चिडचिड न करता पुढच्या घाटावर जावं, वाईत घाटांना तोटा नाही.

दुसरा दिवस: मेणवली, मग धोम

मेणवली ३ किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीवरचा अर्धचंद्राकृती घाट, आणि तिथल्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आणलेली ही घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. मुलांना साल शोधायला लावा. वाड्याचे जिने उंच आणि अरुंद आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालचे चौक बघून घाटावर बसावं. सुटे पैसे जवळ ठेवा.

तिथून धोमला जा. सिद्धेश्वराच्या देवळापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं. एरवी कुंड कोरडंच असतं, ही कल्पना आधीच देऊन ठेवा. धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, खोलीचा अंदाज येत नाही.

तिसरी सकाळ

पाचगणीसाठी ७ला निघा आणि दुपारी १च्या आत खाली उतरा. तिसरा दिवस रविवार असेल तर संध्याकाळी पसरणी घाटात परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. वळणं सलग आहेत, म्हणून मुलांना भरपेट नाश्ता वर पोचल्यावरच द्या. उलटीचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा तास. परतताना स्ट्रॉबेरी घेणार असाल तर खोक्याचा खालचा थर उघडून बघा, वर लाल टपोरी आणि खाली चेपलेली असा प्रकार चालतो. खोकी डिकीत न ठेवता मांडीवर घ्या.