टर्बो सेडान चालवताना या चुका टाळा

इंदूरमध्ये ओळखीच्या लोकांकडून एक तक्रार वरचेवर कानी येते. इतके लाख मोजून घरी आणलेली गाडी ऐन ओव्हरटेकच्या वेळी क्षणभर अडखळते आणि मग एकदम झेपावते, त्यामुळे शेजारी बसलेल्या वहिनींच्या हातातले पाणी सांडते. बहुतेकांना हा गाडीचा दोष वाटतो. पंधरा-वीस वर्षे साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची सवय झालेला पाय नव्या गाडीवरही तसाच पडतो, आणि अनेक तक्रारींचे मूळ त्या सवयीत असते.

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. धूर कमी असला की पंखा मंद फिरतो आणि दाब वाढायला थोडा अवधी लागतो. बीएमडब्ल्यू ३३०आयचे दोन लिटरचे इंजिन २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि हा टॉर्क मिनिटाला १५५० फेऱ्यांपासूनच मिळतो. हा आकडा वाचून गाडी सदैव तयार असते असा समज होतो, परंतु तो पूर्ण दाब तयार झाल्यानंतरचा आहे. बायपासवर ट्रकच्या मागे ताशी ८० किलोमीटरने आठव्या गिअरमध्ये चालत असताना अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर गिअरबॉक्सला आधी तीन-चार गिअर खाली यावे लागते, टर्बोला दाब धरावा लागतो आणि त्यानंतर सगळी ताकद एकाच वेळी चाकांवर उतरते. म्हणून लेन सोडण्याआधीच स्पोर्ट मोड लावावा किंवा स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने दोन गिअर खाली आणावे, आणि मग पाय हळूहळू दाबत न्यावा. एवढे केले तरी अडखळणे बरेच कमी होते.

घाटातल्या चुका

ओंकारेश्वरला जाताना सिमरोळच्या पुढे भेरू घाट लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि तिथून रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. अशा उतारावर गिअर ‘डी’मध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवणे ही मला सर्वांत धोक्याची चूक वाटते. काही गाड्यांत इको मोड लावलेला असताना पाय उचलताच इंजिन चाकांपासून सुटते आणि गाडी नुसती घरंगळत राहते, म्हणजे इंजिनाचा रोधही उरत नाही. जड सेडानचे ब्रेक तापतात, जुन्या ब्रेक फ्लुइडने ओलावा शोषलेला असेल तर ते उकळते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. घाट सुरू होण्यापूर्वी इको मोड काढावा, तिसरा किंवा दुसरा गिअर हाताने लावावा आणि ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडावा. कंपनीने वेगळे सांगितले नसेल, तर ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे.

वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलणे हीदेखील नेहमीची चूक आहे. त्या क्षणी गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची बाजू हलकी होते, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे विशेष जाणवते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबला, तर टर्बोची ताकद उशिरा आणि अचानक येते आणि नाक वळणाच्या बाहेर ढकलले जाते. वेग वळणाआधीच कमी करून, वळणात पाय स्थिर ठेवावा. स्थिरता नियंत्रणाचे बटण घाटात बंद करण्यात कसला पुरुषार्थ आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

परतीच्या वाटेवर घाट जोरात चढून वर आल्याआल्या चहासाठी इंजिन बंद करू नये. पेट्रोल गाडीत टर्बोकडे येणारा धूर जोराच्या चालण्यात ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू शकतो, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन थांबले की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तिथे अडकलेले तेल जळून कोळसा धरते. अनेक नव्या गाड्यांमध्ये इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, तरीही शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवणे चांगले. शहरातल्या रोजच्या चालण्यानंतर मात्र दारात गाडी मिनिटभर सुरू ठेवण्याची गरज नाही.

उन्हाळा, पेट्रोल आणि तेल

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडी सुस्त वाटू लागते. तापलेली हवा विरळ असते, रहदारीत रांगताना टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा मिळत नाही, आणि नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची, चाहूल लागताच गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो. साधे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे असे. इंधनाच्या झाकणावर ९५ लिहिले असेल तर तेच भरावे, आणि पंपावरच्या ‘प्रीमियम’ या नावावर न जाता ऑक्टेनचा आकडा वाचावा. मोकळ्या रस्त्यावर, थंड सकाळीही ताकद कमी वाटत असेल आणि पाय दाबताना ‘फुस्स’ असा आवाज येत असेल, तर इंटरकूलरचा पाइप किंवा त्याची क्लॅम्प सैल झाली आहे का, ते आधी पाहून घ्यावे. टर्बोच बदलण्याचा सल्ला त्याआधी स्वीकारू नये.

तेलाच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका वर्कशॉपने माझ्या गाडीत ग्रेड बरोबर, पण कंपनीची मान्यता नसलेले तेल भरले होते आणि बिल वाचेपर्यंत मला पत्ता नव्हता. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर मोठा भार पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तेलाची घडण त्यात महत्त्वाची ठरते. २०२० साली आलेला एपीआय एसपी हा इंजिन तेलाचा दर्जा हा धोकाही लक्षात घेतो. मॅन्युअल मोडमध्ये वरचा गिअर धरून चढावर इंजिनाला कुंथायला लावणेही त्याच कारणासाठी टाळावे.

गाडी आदळते, ओढते

सस्पेन्शनला दोष देण्यापूर्वी टायरमधली हवा तपासावी. पंपावरचा मुलगा सवयीने आकडा ठरवतो, खरा आकडा मात्र चालकाच्या दाराच्या खांबावरील चिकटपट्टीवर असतो आणि तो थंड टायरचा असतो. हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या भिंती मुळात कडक असतात, त्यामुळे जास्त हवा भरली की प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो. असा टायर पंक्चर झाल्यावर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत आणखी ८० किलोमीटर जाऊ शकतो, परंतु अनेक गाड्यांत सुटे चाक नसते, हे पुण्याच्या प्रवासाला निघण्याआधी लक्षात घ्यावे. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर त्यांची अदलाबदल करता येत नाही. खड्ड्यात आदळल्यानंतर गाडी एका बाजूला ओढू लागली, तर अलाइनमेंटसोबत रिम वाकला आहे का, हेही पाहायला सांगावे.

वर्कशॉपमध्ये जाताना “गाडी ओढत नाही” एवढेच सांगून भागत नाही. त्या वेळी कोणता गिअर होता, किती फेरे होते, इंजिन किती वेळ चालू होते, एसी सुरू होता का, हे कागदावर लिहून न्यावे आणि शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता पुन्हा चालवून दाखवावा.