पहिले विपश्यना शिबिर: मौन कोणाशी आणि कोणाशी नाही

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला ढोबळ माहिती असतेच. पहाटे चारची घंटा, जमा केलेला फोन, वाचन-लेखन पूर्ण बंद आणि पहिल्या संध्याकाळपासून दहाव्या दिवशीच्या सकाळपर्यंत आर्य मौन, हे सगळे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असते. त्याची उजळणी मी करत नाही. मला लिहायचे आहे ते मौनात आचार्यांशीही बोलायचे नसते, या एका गैरसमजाबद्दल, कारण त्या गैरसमजापायी माझ्या शिबिराचा जवळजवळ निम्मा भाग वाया गेला आणि त्याची चुटपुट अजूनही मनातून जात नाही.

आधी भीतीचे बोलू. नवख्यांना धास्ती वाटते ती न बोलण्याची आणि संध्याकाळी जेवण नसण्याची. या दोन्ही गोष्टी फार लवकर अंगवळणी पडतात. जेवण अकराला असते, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा आणि थोडे फळ मिळते, आणि दिवसभर बसूनच काढायचा असल्यामुळे पोटाची तक्रार फारशी उरत नाही. खरी परीक्षा बसण्याची आहे. वेळापत्रकात रोज सुमारे दहा तास ध्यानाचे असतात आणि गुडघे, कंबर व पाठ पहिल्याच दिवशी त्याची जाणीव करून देतात. व्यायाम किंवा योगासने करण्याची परवानगी नसते, फक्त चालता येते. पाठीचा जुना त्रास असेल तर खुर्ची मागावी, त्यात कमीपणा काही नाही. जमिनीवर ताठ बसल्याशिवाय ध्यान होत नाही, असे ठासून सांगणाऱ्या अनुभवी मित्रांकडे मी तरी आता साफ दुर्लक्ष करते.

आता मूळ मुद्दा. पहिले तीन दिवस आनापान असते. सूचना अगदी साधी असते: नाकातून येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. खोल असेल तर खोल, उथळ असेल तर उथळ, डाव्या नाकपुडीतून असेल तर डाव्या. त्याच्यात ढवळाढवळ करायची नाही. श्वास जाणवेनासा झाला तर थोडे श्वास जरा जोराने घेण्याची मुभा असते, पण लगेच नैसर्गिक श्वासावर परतायचे असते. माझा घोळ झाला तो या मुभेपाशी. मला आधीपासून प्राणायामाची सवय होती, त्यामुळे जोराने घेतलेला श्वास स्पष्ट कळतो म्हणून मी तसाच घेत राहिले, आणि आपले लक्ष किती छान टिकले आहे याचे मनातल्या मनात कौतुकही करत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भुवयांच्या मध्ये गच्च ताण, कानशिले ठणकणारी आणि श्वास लोहाराच्या भात्यासारखा, शेजारच्या आसनावर ऐकू जाईल इतका मोठा. तिसऱ्या दिवशी वरच्या ओठाच्या वर, नाकपुड्यांच्या खालच्या छोट्याशा जागेवर उमटणाऱ्या संवेदना पाहायला सांगितले, तेव्हा मला तिथे काहीही कळेना. कळणार तरी कसे? इतक्या जोराच्या वाऱ्याखाली सूक्ष्म असे काही हाती लागत नाही.

हे कोणाला तरी विचारायला हवे होते. दुपारी बारा ते एक या वेळात सहायक आचार्यांना एकट्याने भेटता येते आणि रात्री नऊनंतर धम्म हॉलमध्येच, म्हणजे सामूहिक ध्यानाच्या सभागृहात, प्रश्न विचारता येतात. मी दोन्ही वेळा टाळल्या. माझी समजूत अशी की मौन म्हणजे मौन, त्यात तोंड उघडले की आपण कच्चे ठरलो. शिवाय आजूबाजूचे सगळे पुतळ्यासारखे बसलेले दिसतात आणि अडचण फक्त आपल्यालाच आहे असे वाटू लागते. आणखी एक कारण होते. शिकवण सगळी ध्वनिमुद्रित आवाजातून येते. सत्यनारायण गोयंका यांनी आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ब्रह्मदेशात मिळालेली ही विद्या १९६९ पासून भारतात शिकवली आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही सूचना व प्रवचने त्यांच्याच आवाजात चालतात. समोरच्या आसनावरचे आचार्य फार थोडे बोलतात, म्हणून ते केवळ देखरेखीला बसलेले आहेत असा नवख्याचा समज होतो. तो समज साफ चुकीचा आहे.

आर्य मौन हे साधकांनी एकमेकांशी पाळायचे असते. त्यात शब्द, खुणा, चिठ्ठ्या, नजरानजर, सगळे आले, आणि ते काटेकोरपणे पाळावे. साधनेच्या अडचणीसाठी आचार्यांशी आणि निवास, औषध, जेवण अशा गरजांसाठी धम्मसेवकांशी, म्हणजे शिबिरातल्या स्वयंसेवकांशी, बोलणे त्या मौनात बसते. प्रश्न मात्र आपल्या साधनेपुरता आणि दोन वाक्यांत मांडता येईल असा असावा. पुनर्जन्मावर वाद घालण्याची ती जागा नव्हे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना जशा आहेत तशा पाहण्याची साधना, दिली जाते आणि तेव्हापासून रोज तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या असतात, म्हणजे तासभर डोळे, हात, पाय न हलवता बसायचे. तोपर्यंतही मी श्वास ओढतच होते. अखेर दुपारी भेटायला गेले, तेव्हा आचार्यांनी मला एवढेच विचारले की श्वास आपोआप येतो आहे की तुम्ही तो घेता आहात. भेट तीन-चार मिनिटांत आटोपली.

तुम्ही श्वास चालवता आहात की पाहता आहात, हे ओळखण्याची एक खूण सांगते. उच्छ्वास संपल्यावर पुढचा श्वास सुरू होण्याआधी बारीकसा विसावा असतो. त्या विसाव्यात तुम्हाला चुळबुळ होत असेल आणि पुढचा श्वास तुम्ही ओढून आणत असाल, तर सूत्रे तुमच्याच हातात आहेत. तिथे काहीही न करता थांबावे. श्वास येतोच. कपाळावरचा ताण मात्र तासाभरात उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये, मला त्याला दीड दिवस लागला.

दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावेसे वाटणे इतके सर्रास आहे की प्रवचनांतही त्याचा उल्लेख येतो. त्या दिवशी बॅग भरून ठेवलीत तरी हरकत नाही, निघू मात्र नका. कमरेची कळ, रडू, भलत्याच जुन्या भांडणांची आठवण, हे सगळे येते आणि बहुतेकांचे निवळतेही. पण हे सगळ्यांनाच लागू नाही आणि इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना हे शिबिर करू नये असेच सांगितलेले आहे. अर्जात आजार किंवा गोळ्या लपवणे हा निव्वळ अविचार आहे, आणि शिबिरासाठी डॉक्टरांना न विचारता औषध थांबवणे त्याहून वाईट. असे काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि अर्जात सगळे खरे लिहावे. नकार आला तर तो मुकाट्याने स्वीकारावा.

सगळी प्रवचने आधीच ऐकून जाण्याची एक पद्धत निघाली आहे, ती मला पटत नाही. चौथ्या दिवशी काय होणार हे ज्याला ठाऊक असते, तो तीन दिवस श्वास सोडून त्याचीच वाट पाहत बसतो. ज्यांना अंगभर संवेदनांच्या धारा वाहिल्याचे प्रसंग रंगवून सांगण्याची हौस आहे, अशा जुन्या साधकांपासूनही निघण्यापूर्वी चार हात दूर राहावे. पैशांबद्दल मनात शंका असेल तर एवढे सांगते की शुल्क काहीच नसते आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानही घेतले जात नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतण्याची साधना, शिकवली जाते आणि त्यानंतर मौन सुटते. मग एकदम गलका होतो आणि प्रत्येक जण आपला अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहू लागतो. त्या गलक्यात शिरण्याआधी एक काम उरकून घ्यावे. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितले जाते, तेव्हा किती वेळ आनापान करायचे, संवेदना कळल्या नाहीत तर काय करायचे, आजारपणात कसे बसायचे, अशा ज्या शंका असतील त्या आचार्य समोर आहेत तोवर त्याच दिवशी विचारून घ्याव्यात, कारण अकराव्या दिवशी सकाळी सगळे आवराआवरीत असतात.