रसाचा पीएच घेताना या चुका टाळा

मीटरवर ७.०२ दिसतं आणि आपण रजिस्टरमध्ये ७.०२ लिहून मोकळे होतो. त्यातल्या शेवटच्या २ वर किती भरवसा ठेवायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उसाच्या निवळलेल्या (चुना घालून गाळ खाली बसवलेल्या) रसाचा पीएच ७ च्या आसपास ठेवावा लागतो. तो खाली गेला की गरम रसातली साखर फुटते, फार वर गेला की ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून रंग चढतो. चुना किती सोडायचा, तेही याच आकड्यावर ठरतं.

सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा. काचेचा इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची रसात बुडवायची कांडी, २५ अंशांना पीएचच्या एका एककामागे ५९.२ मिलिव्होल्ट देतो, ६० अंशांना ६६.१. ६० अंशांना तापवलेल्या मिश्र रसाचा (गिरणीतून आलेल्या कच्च्या रसाचा) पीएच खरा ५.०० असेल आणि मीटरचं तापमान २५ वरच ठेवलेलं असेल, तर ४.७७ दिसेल. ७ च्या जवळ ही चूक जवळपास लपून जाते. त्यामुळे ७ चा बफर (पीएच आधीच माहीत असलेलं, मीटर जुळवायचं द्रावण) लावला की मीटर ठणठणीत आहे असं वाटतं! तापमानाचा प्रोब जोडला की फक्त व्होल्टेजचा हिशेब सुधारतो. रसाचा स्वतःचा पीएच तापमानाप्रमाणे बदलतो, ते प्रोब भरून काढत नाही. चुना घातलेला रस गरम असताना जो आकडा देतो, तोच रस थंड झाल्यावर त्याहून वरचा देतो. म्हणून प्रत्येक नमुना एकाच तापमानाला आणूनच वाचा आणि आकड्याशेजारी तापमान लिहा. रात्रपाळीने गरम वाचला, दिवसपाळीने गार वाचला, तर दोघांची तुलनाच होत नाही.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रोडच्या टोकावरच्या काचेच्या फुग्याची. रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडला की त्यातलं कॅल्शियम सल्फाइट फुग्यावर पांढुरकं बसतं. आकडा स्थिर व्हायला मिनिट-दीड मिनिट लागू लागलं, की आधी हे बघा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवा, धुवा, मग केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून देऊ नका, आणि टिश्यूने घासू नका; पाणी नुसतं टिपून घ्या.

इलेक्ट्रोडच्या आतलं केसीएल नमुन्याच्या पातळीपेक्षा वर हवं, आणि वाचताना भरायच्या भोकाचं बूच उघडं हवं. नाहीतर रसच आत शिरतो.

बफर बाटलीतून थोडा ओतून घ्या, वापरलेला परत बाटलीत टाकू नका. मिश्र रसासाठी ४ आणि ७, निवळलेल्या रसासाठी ७ आणि ९.१८ घ्या, म्हणजे नमुना दोन बफरांच्या मध्ये येतो. स्लोप, म्हणजे पीएचच्या एका एककामागे अपेक्षित मिलिव्होल्टपैकी इलेक्ट्रोड किती टक्के देतो तो आकडा, ९५ टक्क्यांखाली गेला तर इलेक्ट्रोड साफ करा, तरी सुधारला नाही तर बदला.

आणि एकदा हे करून बघाच: एकाच रसाचे पाच नमुने घ्या, दर वेळी इलेक्ट्रोड धुऊन वाचा. ७.०२, ७.०६, ६.९९ असे आकडे आले, तर रजिस्टरमध्ये दुसरा दशांश लिहिण्याआधी थांबा.