काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या छपाईसाठी टिकणारी काळी शाई कशी निवडावी

गोदाघाटाजवळच्या आमच्या जुन्या वाड्याचा एक फोटो स्कॅन करून मी घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला आणि चौकट करून पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगला. दोन उन्हाळे उलटले, तेव्हा त्यातल्या करड्या भिंती तांबूस दिसू लागल्या होत्या. दोष कागदाचा असावा अशी माझी समजूत होती, पण तो होता शाईचा, आणि त्याहून अधिक माझ्या निवडीचा.

शाई घेण्यापूर्वी आपल्या प्रिंटरमध्ये काळा रंग कशापासून तयार होतो, हे समजून घ्यावे. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत त्याचे घन कण तरंगत असतात. विरघळलेल्या रेणूंवर प्रकाश आणि हवेतील ओझोन यांचा मारा लवकर लागू पडतो, घन कण मात्र बराच काळ तग धरतात. त्यातही कार्बनचा काळा सर्वांत चिवट आहे. काजळाच्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात, कारण काजळ म्हणजेही कार्बनच. चांगल्या पिगमेंट काळ्या शाईचा मुख्य घटक आजही हाच असतो.

येथे एक फसगत संभवते. कित्येक घरगुती प्रिंटरांत काळी बाटली पिगमेंटची असली, तरी ती साध्या कागदावरील मजकुरासाठीच असते, आणि फोटो पेपर निवडताच प्रिंटर निळसर, किरमिजी आणि पिवळ्या डाय शाया एकत्र करून काळा रंग रचतो. या तिन्ही रंगांचा विटण्याचा वेग सारखा नसतो, त्यामुळे तोल बिघडून करड्यात हिरवट किंवा तांबूस झाक उमटते. रंगीत फोटोत असा बदल सहसा लक्षातही येत नाही, करड्यात तो लगेच खुपतो. खात्री करायची असेल, तर मध्यम करड्या रंगाचा एक चौकोन फोटो पेपरवर छापून भिंगाखाली पाहावा. (सराफ बाजारातील कारागीर वापरतात तसले भिंग यासाठी उत्तम.) रंगीत ठिपक्यांची गर्दी दिसली, तर तो करडा काळ्या शाईचा नाही असे समजावे.

शाई डाय आहे की पिगमेंट, हे लेबलवरून कळत नसेल, तर साध्या कागदावर तिची एक रेघ छापून पूर्ण वाळू द्यावी आणि तीवर पाण्याचा थेंब टाकावा. डाय शाई पसरते, पिगमेंट शाई बहुधा जागची हलत नाही. स्वस्त कम्पॅटिबल (दुसऱ्या कंपनीने बनवलेली, पण आपल्या प्रिंटरला चालणारी) बाटली घेण्यापूर्वी एवढी चाचणी अवश्य करावी.

यानंतर काळ्याच्या छटा मोजाव्यात. एकाच काळ्या शाईने फिकट करडा छापायचा, तर ठिपके विरळ करावे लागतात आणि आकाश किंवा चेहरा रवाळ दिसतो, म्हणूनच काळ्यासोबत एक-दोन करड्या शाया असलेला प्रिंटर घ्यावा. एप्सनने २००५ मध्ये आणलेल्या अल्ट्राक्रोम के३ या संचात काळ्याच्या अशा तीन पातळ्या होत्या, आणि त्यांच्या ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये बहुतांश काम याच शाया करतात, रंगीत शाई अगदी थोडी लागते. याहून पुढे जायचे असेल, तर सर्व रंगांच्या जागी करड्या छटा भरणारे पायझोग्राफीसारखे संच मिळतात, मात्र त्या प्रिंटरवर मग रंगीत छपाई होत नाही.

शुद्ध कार्बनचा काळा किंचित उबदार, तपकिरीकडे झुकणारा दिसतो. तो थंड किंवा तटस्थ करण्यासाठी निळसर आणि किरमिजी कण मिसळले जातात, आणि काळाच्या ओघात प्रथम विटतात ते हेच कण. घराण्याच्या फोटोंसाठी मी म्हणूनच उबदार छटाच पसंत करतो.

शाई आणि कागद यांची निवड एकत्रच करावी लागते. सुती मॅट (चकाकी नसलेल्या) कागदावर मॅट ब्लॅक नावाची काळी शाई वापरावी, चकचकीत किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर फोटो ब्लॅक नावाची. अदलाबदल केल्यास एकीकडे काळा फिका पडतो आणि दुसरीकडे शाई पुसली जाते. मॅट कागदावर काळ्याची घनता (आकडा जितका मोठा, तितका काळा गडद) साधारण १.६ ते १.७ पर्यंत पोहोचते, चकचकीतवर ती २ च्या पुढे जाते, पण भिंतीवर, काचेमागे हा फरक फारसा जाणवत नाही. कागद आम्लमुक्त असावा आणि त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद अधिक पांढरा भासवणारे पदार्थ) नसावेत, कारण ते निष्प्रभ झाले की पांढरा भाग पिवळसर दिसू लागतो.

अंतिम खात्री घरीच करता येते. करड्या छटांची एक पट्टी छापून तिचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकावा आणि ती मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत पश्चिमेच्या खिडकीत ठेवावी. नाशिकचे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन या कामी कसलीही सवलत देत नाही. फॉइल काढल्यावर दोन्ही भागांतली सीमारेषा दिसली, तर ती शाई भिंतीवरच्या फोटोसाठी घेऊ नये.

पिगमेंट शाईचे कण तळाशी बसतात, म्हणून प्रिंटरमध्ये शाई भरण्यापूर्वी बाटली हळुवार हलवावी, आणि आठवड्यातून एकदा तरी नोझल चेक (शाईची छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारा नमुना) छापावा, अन्यथा उन्हाळ्यात छिद्रे तुंबतात. छापलेला फोटो किमान २४ तास उघडा वाळू द्यावा, आणि मगच माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार) लावून काचेपासून थोडे अंतर ठेवत चौकटीत बसवावा.