रिबनच्या जुन्या विणकामाचं वय ठरवताना या चुका टाळा

ठाण्यात, नवी मुंबईत जुनं कपाट आवरताना कधीकधी लोकरीऐवजी चपट्या रिबननं विणलेला एखादा टॉप किंवा ड्रेस हाती लागतो. कुणी परदेशातून पाठवलेला, कुणी हौसेनं जुन्या कपड्यांत शोधून घेतलेला. हा कधीचा, याचं उत्तर बहुतेक जण लांबी बघून देतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

रेयॉनची रिबन जड असते. असा ड्रेस वर्षानुवर्षं हँगरला लटकला की स्वतःच्याच वजनानं उतरतो. गुडघ्यापर्यंतचा ड्रेस पोटरीवर येतो आणि १९४०च्या दशकातला माल लांब ड्रेसच्या १९३०च्या खात्यात जातो. लांबी मोजण्याआधी ड्रेस टेबलावर सपाट पसरा. खांद्याजवळचे टाके घेराच्या टाक्यांपेक्षा उभे, लांबट दिसले तर मूळ लांबी कमी होती असं धरा. धुऊन आक्रसेल या आशेनं बादलीत बुडवू नका. ओलं रेयॉन कमकुवत होतं.

खांद्याचे पॅडही चकवतात. ते १९४०च्या दशकात होते आणि १९८०च्याही. त्यात रिबनचं विणकाम १९८०च्या सुमारास पुन्हा फॅशनमध्ये आलेलं. पॅडमध्ये भुगा होत चाललेला फोम असेल तर बहुधा दुसरी लाट. कापूस किंवा लोकर भरलेली असेल तर आणखी शोधा.

चेन धातूची म्हणून कपडा जुना, असं नसतं. धातूची चेन आजही मिळते. नायलॉनची वेटोळ्या दातांची चेन मात्र १९६०च्या दशकात रुळली, म्हणून ती उपयोगाची. फक्त ती मागाहून बदललेली नाही ना, हे शिवणीच्या दोऱ्यावरून आणि आतल्या पट्टीवर उरलेल्या जुन्या भोकांवरून तपासा. हुकांचा गंज मोजू नका! खाडीकाठच्या हवेत दोन-चार पावसाळे त्याला पुरतात.

‘क्रोशाचं हातकाम आहे, म्हणजे जुनंच’ हेही ऐकायला मिळतं. खरं क्रोशाकाम मशीनवर होतच नाही, कालचंही हातचंच असतं.

लेबल असेल तर नशीब. अमेरिकन कपड्यावर धुण्याच्या सूचना १९७२पासून सक्तीच्या झाल्या. भारतीय लेबलवर पिनकोड दिसला तर कपडा १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. घरी विणलेल्या कपड्याला लेबल नसतंच, त्यामुळे ‘लेबल नाही’ यावरून काही ठरत नाही.

धाग्याची परीक्षा करायचीच असेल तर शिवणीच्या आतला एखादा तुटका तुकडा वेगळा काढून करा. नेलपॉलिश रिमूव्हर कपड्यावर कधीच लावू नका. रिबन अॅसिटेट या कृत्रिम धाग्याची निघाली तर रिमूव्हरमधलं अॅसिटोन ती विरघळवतं.

रिबन ओळखलीत तरी ती विणण्याआधी किती वर्षं डब्यात पडून होती हे कळत नाही. तिच्यावरून फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढं ठरतं. ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगायला तो कपडा घातलेला, मागे तारीख लिहिलेला घरचा फोटो शोधा.