लेट्युसला ह्युमिक देताय? या चुका टाळा

पुणे जिल्ह्यात हॉटेलांसाठी आइसबर्ग, रोमेन हे लेट्युसचे प्रकार पिकवणाऱ्यांकडून ह्युमिकबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: 'काही फरक पडला नाही' आणि 'ड्रिप चोक झालं'. दोष बहुतेक वेळा वापरण्याच्या पद्धतीत असतो.

ह्युमिक म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतलं आम्ल; ते खत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह, जस्त, स्फुरद असूनही पिकाला मिळत नाहीत. ह्युमिक त्यांना धरून विद्राव्य ठेवायला मदत करतं आणि बारीक मुळ्या वाढवतं. लेट्युसची मुळं उथळ आणि पीक थोड्या दिवसांचं, म्हणून त्याला याचा उपयोग आहे. पण म्हणून पहिल्याच लागवडीत खत निम्म्यावर आणू नका. माती परीक्षणानुसार डोस ठेवा, निकाल बघून हळूहळू कमी करा.

कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत ह्युमिक

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पोटॅशियम ह्युमेट, म्हणजे बाजारात बहुतेक मिळणारं ह्युमिक, अल्कधर्मी असतं. त्यात कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉस्फोरिक ॲसिड पडलं की ह्युमिक फाटतं, काळा गाळ बसतो आणि तोच पुढे ड्रिपरमध्ये जातो. बोअरचं पाणी जड असेल तर नुसत्या पाण्यातही असं होऊ शकतं.

आधी बाटलीत बघा. आपलंच पाणी घ्या, टाकीत जेवढं दाट द्रावण करणार तेवढंच करा, अर्धा तास ठेवा. तळाशी काळ्या गुठळ्या दिसल्या तर ते मिश्रण व्हेंचुरीला (ड्रिपच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) लावू नका. ह्युमिक एका दिवशी आणि कॅल्शियम दुसऱ्या दिवशी सोडणं उत्तम. ह्युमिक सोडून झालं की लॅटरलमधून (ड्रिपच्या बारीक नळ्यांमधून) दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी जाऊ द्या आणि फिल्टर धुवा.

पाकिटावरचा 98 टक्के

हा आकडा अनेकदा पावडर पाण्यात किती विरघळते त्याचा असतो, ह्युमिक ॲसिड किती आहे त्याचा नसतो. लेबलवर ह्युमिक आणि फुल्विक (त्याच्यासोबत असणारं दुसरं सेंद्रिय आम्ल) यांचं प्रमाण वेगळं शोधा. 2021 पासून बायोस्टिम्युलंट (ह्युमिकसारखे, खत नसून वाढीला चालना देणारे पदार्थ) खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, तेव्हा नोंदणीचा तपशील दाखवता न येणारा माल घेऊ नका.

जास्त दिलं म्हणजे जास्त वाढ?

नाही. मुळांवर ह्युमिकचा परिणाम काहीसा ऑक्झिन संप्रेरकासारखा असतो: थोड्या मात्रेत मुळ्या फुटतात, जास्त मात्रेत त्यांची वाढ दबते. ट्रेमधल्या रोपांना तर हात फारच आखडता ठेवा. लेबलच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. लेट्युस खारटपणाला नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, 1.3 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. जमीन खारवट असेल तर आधी निचरा आणि पाणी बघा.

उशिरा दिलेला डोस

गड्डा भरायला लागल्यावर दिलेल्या आळवणीतून फारसं हाती लागत नाही. पुनर्लागवडीनंतर पहिल्या आठवड्यात एक आणि दहा-बारा दिवसांनी दुसरा, एवढं पुरे. पांढऱ्या मुळ्या याच काळात वाढवून घ्यायच्या असतात.

टिपबर्नवर ह्युमिक

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की दुकानात ह्युमिक हातात देतात. टिपबर्न होतो तो वाढत्या पानापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून, आणि बऱ्याचदा जमिनीत कॅल्शियम भरपूर असतानाही. ऊन, वाऱ्याचा अभाव, अनियमित पाणी, नत्राचा मारा ही त्यामागची कारणं. शेडनेटमध्ये हवा खेळती ठेवा, पाणी थोडं थोडं पण रोज द्या, युरिया आवरा.

तुलनेला बेड न ठेवणं

एक बेड ह्युमिकशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखं. काढणीला दोन्हीकडचे वीस-वीस गड्डे तोला, चार-चार रोपं मातीसकट उपटून मुळं धुऊन बघा. सेंद्रिय कर्ब आधीच चांगला असलेल्या जमिनीत वजन सारखंच येऊ शकतं. तसं झालं तर पुढच्या लागवडीला तो पैसा शेणखताला किंवा माती परीक्षणाला वापरा.